गाणे, बाहुली आणि सवय

सवय हुकमाने लागत नाही. ती रोजच्या कृतीने अंगवळणी पडते. ‘हात धुवून ये’ असे दहा वेळा बजाविले, तरी लहान मूल अकराव्या वेळी विसरते. ही त्याची खोडी नव्हे. त्याचे वयच खेळाचे असते. म्हणून चांगली सवयही त्याच्यापुढे खेळाच्या रूपाने यावी लागते.

हे मर्म ताराबाई मोडक यांनी ओळखले होते. १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी या गावी बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांना बोल न लावता ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. हीच अंगणवाडी. तेथे गाणी व गोष्टी तर असतच. शिवाय मुलांना न्हाऊ घालणे, त्यांची नखे कापणे, केस विंचरणे हेही शिक्षणच मानले जाई. १९७५ साली देशात सुरू झालेल्या बालविकास योजनेतील केंद्रेही ‘अंगणवाडी’ याच नावाने ओळखली जातात.

गाण्यास ताल असतो आणि तालाबरोबर हात चालतात. साबणाने हात निदान २० सेकंद चोळावेत, असे आरोग्यशास्त्र सांगते. लहानग्यास सेकंद मोजता येत नाहीत. परंतु गाणे संपेपर्यंत हात चोळावयाचे, हे त्यास सहज कळते. एक ओळ तळहाताची, एक बोटांच्या बेचक्यांची, एक नखांची, असे गाणे कोणासही रचता येते.

बाहुलीचे काम निराळे. जुन्या मोज्यावर डोळ्यांच्या जागी दोन गुंड्या शिवल्या, की हातात घालून नाचविण्याजोगी बाहुली तयार होते. ही बाहुली मळक्या हातांनीच जेवावयास बसते. ‘अग, थांब! आधी हात धू!’ असे मुले एका सुरात ओरडतात. काल ज्यांना शिकवावे लागत होते, तीच आज शिकवू लागतात. शिवाय चूक बाहुलीची असल्यामुळे कोणा मुलास खाली मान घालावी लागत नाही.

मात्र गाणे संपल्यावर खरे पाणी आणि खरा साबण हाताशी हवा. तसेच, जो मोठा दुसऱ्यास सांगतो, त्याने स्वतःही हात धुतले पाहिजेत. धाकटी भावंडे गाणे कानांनी ऐकतात. परंतु सवय उचलतात ती ताई-दादांकडे पाहूनच.