रेडिएटर कुठे लावायचा?



गेल्या सत्रात कार्यशाळेच्या तासाला मी कॅप्टन अमोल यादव यांची माहिती सांगत होतो. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या छतावर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली. माझं बोलणं संपतं न संपतं तोच नववीतला एक कॅडेट उभा राहिला. म्हणाला, ‘सर, आपण घरी विमान बांधलं आणि त्याला पाण्याने थंड होणारं इंजिन बसवलं, तर रेडिएटर कुठे लावायचा?’

मी लगेच सांगून टाकलं, ‘जिथे जास्तीत जास्त वारा लागेल तिथे.’

सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं. संध्याकाळी महाराजपुरला घरी पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं की मी अर्धंच उत्तर दिलं आहे. आणि याच अर्ध्या उत्तरापायी नोकरीत असताना मी स्वतः एक गाडी उकळवली होती.

ती गाडी जोंगा. आपल्या जबलपूरच्या नावाचं पहिलं अक्षर मिरवणारी, इथल्याच कारखान्यांत तयार झालेली फौजी गाडी. डोंगराळ भागात आमची तुकडी होती. पंख्याचा पट्टा बदलताना हात नीट पोचत नव्हता, म्हणून मी पंख्याभोवतीचं पत्र्याचं गोल कडं काढून बाजूला ठेवलं आणि काम झाल्यावर परत बसवलं नाही. मला वाटलं, पंखा आहे, रेडिएटर समोर आहे, वारा लागतोच आहे. त्या पत्र्याचं काय काम? दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतून तापाने फणफणलेल्या एका जवानाला खाली रुग्णालयात न्यायचं होतं. वाटेत एक लांब चढ होता. अर्ध्या चढावर काटा लाल पट्टीत गेला आणि टोपणाखालून वाफ येऊ लागली. मागून येणाऱ्या ट्रकमध्ये जवानाला हलवलं, तो वेळेत पोचला, पण पाऊण तास त्या चढावर बसून मी जे ऐकलं ते इथे छापण्यासारखं नाही. कडं नसल्यामुळे पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूची मोकळी हवाच पुन्हा पुन्हा घुसळत होता.

हवेचा स्वभाव असा आहे. तिला दोन वाटा दिल्या, तर ती सोपी वाट धरते. रेडिएटरच्या बारीक पात्यांमधून घुसण्यापेक्षा त्याच्या कडेने निसटणं तिला केव्हाही सोपं.

आता घरातलं उदाहरण घेऊ. मे महिन्यात आपल्याकडे घरोघरी कूलर लागतात. खिडकीत कूलर लावला आणि खोलीची बाकी सगळी दारं-खिडक्या बंद केल्या, तर काय होतं? पंखा जोरात फिरतो, आवाज येतो, पण खोली गार होत नाही, नुसती दमट होते. आई येऊन मागचं दार फटभर उघडते आणि मग गार झुळूक वाहू लागते. कूलर तोच, पंखा तोच. फक्त हवेला बाहेर जायला वाट मिळाली. रेडिएटरची जागा ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारायचा की हवा बाहेर कुठून जाणार. ती आत कुठून येणार, हा प्रश्न त्यानंतरचा.

आता वही काढा, थोडं गणित करू. समजा आपल्या विमानाचं इंजिन ८० अश्वशक्तीचं, म्हणजे सुमारे ६० किलोवॉटचं आहे. इंधनातल्या उष्णतेपैकी साधारण तिसरा भाग कामाला येतो. बाकीची धुराबरोबर, तेलातून, पाण्यातून आणि इंजिनाच्या अंगावरून निघून जाते. पाण्याच्या वाट्याला २५ किलोवॉट आली असं धरू. रेडिएटरमधून जाणारी हवा ४० अंशांनी तापू दिली, तर एक किलो हवा जवळपास ४० किलोजूल उष्णता नेते. २५ ला ४० ने भागा. सेकंदाला ०.६२५ किलो हवा लागेल.

जबलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४२ वर असताना इथल्या एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.०७ किलो भरतं, पुस्तकात १.२२५ दिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं आणि १५ अंशांचं. म्हणजे आपल्याला सेकंदाला सुमारे ०.५८ घनमीटर हवा हवी. रेडिएटरमधून ती सेकंदाला ६ मीटर वेगाने गेली, तर रेडिएटरचं तोंड ०.१ चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे साधारण ३२ सेंटिमीटर लांब-रुंद लागेल.

पण विमान तर चढताना ताशी ९० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने चाललं आहे. २५ चे ६ कसे करायचे? आत येणारं तोंड रेडिएटरच्या साधारण पाव आकाराचं ठेवायचं आणि त्यामागे हळूहळू रुंद होत जाणारी डक्ट बांधायची. हवा मंदावते आणि तिच्या वेगाचा दाब होतो. नदी अरुंद घळीतून मोकळ्या डोहात आली की शांत होते, ते भेडाघाटला सगळ्यांनी पाहिलं आहेच. डक्ट एकदम रुंद केली तर मात्र हवा भिंती सोडते, भोवरे करते आणि दाब वाया जातो.

हा दाब असतो तरी किती? ताशी ९० ला, त्या मे महिन्याच्या हवेत, पाण्याचा स्तंभ ३४ मिलिमीटर उचलेल एवढाच. ताशी १८० ला १३६ मिलिमीटर. वेग निम्मा केला की दाब पाव होतो, आणि नेमकं चढतानाच वेग कमी व इंजिनावर पूर्ण भार असतो. त्यात ऊन. पाणी १०० अंशांवर आणि बाहेर १५ अंश असतील, तर दोन्हीत ८५ अंशांचा फरक. बाहेर ४२ असतील, तर फक्त ५८. म्हणजे तोच रेडिएटर इथे मे महिन्यात एकतृतीयांश कमी काम करतो. परदेशातून आलेल्या नकाशाप्रमाणे जसाच्या तसा रेडिएटर बसवणाऱ्याने हे गणित आधी करावं.

आता जागा. इंजिनापुढे, प्रॉपेलरच्या मागे लावला तर पाइप आखूड राहतात आणि जमिनीवरही थोडा वारा मिळतो. पण प्रॉपेलरच्या मुळाशी पाती जाड आणि मंद असतात, तिथला वारा दुबळा आणि पिळलेला असतो. शिवाय तापलेली हवा इंजिनाच्या खोलीतच सुटते. तिला खालून बाहेर काढायची नीट सोय नसेल, तर आत दाब साठतो आणि तोंडातून हवा येईनाशी होते, बंद खोलीतल्या कूलरसारखी. पोटाखाली लावला तर डक्ट लांब आणि छान बांधता येते. पण पाइप लांबतात, पाण्याचं वजन वाढतं, कच्च्या धावपट्टीवरचे खडे लागतात, आणि वजन पुढे-मागे सरकलं की विमानाचा तोल पुन्हा मोजावा लागतो. प्रॉपेलर मागे असलेल्या विमानात जमिनीवर उभं असताना रेडिएटरला वारा जवळजवळ मिळतच नाही. तिथे विजेचा पंखा लावतात, किंवा इंजिन चालू केल्यावर रेंगाळायचं नाही असा नियम पाळतात.

हा त्रास मोठ्यांनाही चुकला नाही. आपल्या हवाई दलाने स्पिटफायर उडवली आहेत. त्या विमानाचा रेडिएटर पंखाखाली होता, आणि जमिनीवर हळू चालताना पाणी भराभर तापायचं. वैमानिकाला लवकर उड्डाण मिळणं भाग असायचं. १९३५ मध्ये इंग्लंडच्या फार्नबरो इथल्या मेरेडिथ यांनी दाखवलं की रेडिएटर नीट डक्टमध्ये बसवला आणि बाहेरची वाट योग्य अरुंद ठेवली, तर तापून फुगलेली हवा जोराने मागे सुटते आणि रेडिएटरमुळे होणारा अडथळा बराचसा भरून काढते. १९४० मध्ये पहिल्यांदा उडालेल्या अमेरिकन मस्टँगच्या पोटाखालची ती ओळखीची डक्ट याच विचाराची. तिच्यातही सुरुवातीला घरघर व्हायची, कारण विमानाच्या अंगाला चिकटून येणारी सुस्त हवा तोंडात शिरत होती. मग तोंड अंगापासून थोडं खाली घेतलं, मधे फट ठेवली, आणि सुस्त हवा त्या फटीतून बाहेरच्या बाहेर जाऊ लागली. आपल्या ताशी दीडशेच्या विमानाला मेरेडिथ यांचा ढकला फारसा मिळणार नाही, त्या नादी लागू नये. पण लहान तोंड, रुंद पोट, मोजून ठेवलेलं शेपूट आणि अंगापासूनची फट, एवढं त्यांच्याकडून जरूर घ्यावं.

एवढं सगळं फळ्यावर सांगितल्यावर त्याच कॅडेटने विचारलं, ‘सर, पण हे खरं कशावरून?’ प्रश्न रास्त होता.

कबाड्याकडून जुन्या मोटारीचा रेडिएटर आणला. प्लायवूडची डक्ट केली आणि ती माझ्या गाडीच्या टपावर घट्ट बांधली. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी घेतली, तिच्यात शाईचं पाणी भरलं. एक टोक रेडिएटरच्या पुढे, दुसरं मागे. म्हणजे दोन्हीकडच्या दाबातला फरक सरळ दिसतो. फरक मिलिमीटरमध्येच असणार, म्हणून नळी फळीवर तिरकी बसवली. एक मिलिमीटरचे पाच दिसावेत अशी. ऑक्टोबरातल्या एका रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना, पनागरच्या दिशेने ताशी ६० ने गाडी चालवली. मागच्या सीटवर दोन कॅडेट्स, एकाकडे नळी, एकाकडे वही.

हिशेबाने जास्तीत जास्त १६ मिलिमीटर मिळायला हवे होते. मिळाले ४.

पोरांचं म्हणणं पडलं, तोंड मोठं करू. केलं, जवळजवळ दुप्पट. पुन्हा फेरी. ४ च, फार तर साडेचार. सगळे हिरमुसले. मग मी मागची बाजू पाहायला सांगितली. हवा बाहेर जायला आम्ही मागच्या फळीत तळहाताएवढं भोक ठेवलं होतं. ते रुंद केलं आणि त्याच्या पुढच्या कडेला ओठासारखी पत्र्याची पट्टी बाहेर झुकवून लावली, म्हणजे वरून जाणारा वारा त्या पट्टीमागे ओढ निर्माण करील. आकडा ९ वर गेला. त्यानंतर एका कॅडेटला रेडिएटरच्या कडेला बोटभर फट दिसली. जुन्या गादीचा फोम कापून ती चारी बाजूंनी बुजवली. ११. माझ्या जोंगाचं कडं म्हणजे हाच फोम होता. तोंड पुन्हा पहिल्याएवढं लहान केलं, तरी ११ च राहिले.

आता थोडं उडवणाऱ्यांसाठी. एनसीसीच्या एअर विंगमध्ये गेलात, तर व्हायरस एसडब्ल्यू ८० हे मायक्रोलाइट तुमच्या वाट्याला येऊ शकतं. त्याचं रोटॅक्स ९१२ इंजिन तिहेरी थंड होतं: सिलिंडर हवेने, त्यांची डोकी पाण्याने, आणि तेल आपल्या वेगळ्या कूलरने. म्हणून तेलाच्या कूलरची जागाही तेवढ्याच काळजीने ठरवायची. पाण्याच्या रेडिएटरमागे तो दडवला, तर त्याला तापलेलीच हवा मिळते. तेल ५० अंशांवर येईपर्यंत उड्डाण करायचं नसतं, म्हणजे थंडीच्या सकाळी उलटी अडचण. चढताना काटा वर सरकू लागला, तर नाक थोडं खाली घ्यायचं, वेग वाढू द्यायचा आणि शक्ती कमी करायची. वाढलेल्या वेगाने दाब किती वाढतो ते वर पाहिलंच. आणि चढावर तापलेला काटा अचानक खाली आला, तर लगेच सुटकेचा श्वास टाकू नये. पाणी गळून गेलं असेल, तर पाण्यात बुडालेला सेन्सर नुसत्या वाफेत लोंबकळत असतो आणि खोटं सांगतो. अशा वेळी तेलाचा काटा पाहायचा आणि उतरायला जागा शोधायची.

पालकांना एक विनंती. गादीचा फोम आमच्याकडे अजून थोडा शिल्लक आहे, पण यंदा दुसरी डक्ट करायची आहे. जुनी गादी टाकून देणार असाल, तर कार्यशाळेत पाठवा.

आणि कॅडेट्ससाठी पुढच्या अंकापर्यंतचं गणित. लेहच्या विमानतळावर, सुमारे ३,२५० मीटर उंचीवर, १५ अंश तापमानात एक घनमीटर हवेचं वजन ०.८२ किलो धरा. पाणी १०० अंशांवर आहे, रेडिएटर तोच, त्यातून सेकंदाला जाणारी हवा तेवढेच घनमीटर, इंजिनाची शक्तीही दोन्हीकडे सारखी. मे महिन्यातलं जबलपूर आणि लेह, यांपैकी इंजिन कुठे जास्त तापेल? नुसतं नाव लिहू नका, आकडेमोड दाखवा.