गुरूचे सामर्थ्य व शिष्याचा अंगठा

वीरकथा ज्या घरात सांगितली जात नाही असे घर विरळाच. आमच्या आजोबांच्या पिढीस भीम व मारुती यांचे पराक्रम मुखोद्गत असत. आज वागळे इस्टेटीतील किसननगर, इंदिरानगर या वस्त्यांतून आमच्या शाळेत येणाऱ्या मुलांना ज्यांना ती 'सुपरहिरो' म्हणतात त्या अद्भुत सामर्थ्याच्या वीरांची चरित्रे तितकीच पाठ असतात. यात नाक मुरडण्याजोगे आम्हांस काही दिसत नाही. परंतु प्रत्येक वीराच्या पाठीशी बहुधा आणखी एक व्यक्ती उभी असते, व तिच्याकडे वाचकाचे लक्ष क्वचितच जाते. ती व्यक्ती म्हणजे त्या वीराचा गुरू. विद्या तोच देतो, शस्त्र तोच देतो आणि रणांगणावर धाडतोही तोच. हा समर्थ गुरू सदैव सज्जनच असतो काय? आणि सज्जन असूनही त्याच्या हातून शिष्याचे अहित घडले, तर त्याला आपण काय म्हणावे?

हा प्रश्न आम्ही पुस्तकातून काढलेला नाही. तो वर्गात निघाला. गतवर्षी नववीच्या तासाला 'ॲव्हेंजर्स' या २०१२ सालच्या चित्रपटाचा विषय निघाला. त्यात निक फ्युरी नामक अधिकारी निरनिराळ्या वीरांना एकत्र आणतो. वीर आपसांत भांडत असता त्यांचा कोलसन नावाचा सहकारी मारला जातो. फ्युरी त्याच्या आवडीची, रक्ताने माखलेली चित्रकार्डे वीरांपुढे टाकतो व ती मृताच्या कोटात सापडली असे भासवितो. वस्तुतः ती त्याच्या कपाटात होती. रक्त मागाहून लावलेले. वीर मात्र पेटून उठतात, एक होतात व नगर वाचते. फ्युरीने केले ते योग्य की अयोग्य, असे आम्ही विचारताच जवळजवळ सर्व हात 'योग्य' म्हणून वर गेले.

एका मुलाने हात वर केला नाही. तास संपल्यावर तो आमच्याजवळ आला. त्याचे वडील येथीलच एका लहान कारखान्यात पॉवरप्रेसवर काम करीत. डायवर पत्रा ठेवताना हात आत राहू नये म्हणून यंत्राला गार्ड असतो; पण गार्डामुळे काम मंदावते. तो काढून ठेवण्यास मिस्त्रीने सांगितले, आणि एके दिवशी उजव्या हाताचा अर्धा अंगठा गेला. मुलगा म्हणाला, "सर, गावाहून आल्यावर बाबांना काम मिस्त्रींनीच शिकवलं. आमची खोलीही त्यांनीच मिळवून दिली. गार्डही त्यांनीच काढायला लावला. मग ते चांगले की वाईट?" आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न होय.

अंगठ्याचा उल्लेख होताच महाभारतातील एकलव्याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. निषादराज हिरण्यधनूचा हा पुत्र द्रोणाचार्यांकडे आला. त्यांनी त्यास शिष्य केले नाही. तेव्हा त्याने अरण्यात त्यांची मातीची मूर्ती करून तिच्यापुढे धनुर्विद्या साध्य केली. अर्जुनाहून श्रेष्ठ धनुर्धर कोणी होणार नाही या आपल्या वचनास बाध येतो असे पाहून आचार्यांनी न दिलेल्या विद्येची दक्षिणा म्हणून उजवा अंगठा मागितला, व त्याने तो प्रसन्न मुखाने दिला. येथे द्रोणांस दुष्ट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु हेच द्रोण एकदा इतके दरिद्री होते की, त्यांच्या मुलास दूध म्हणून पिठाचे पाणी प्यावे लागले. मित्र म्हणविणाऱ्या द्रुपदाने त्यांचा अपमान केला होता. आणि कुरूंच्या आश्रयावर त्यांचा संसार चालला होता. पोटासाठी राजगृही बांधला गेलेला हा थोर शिक्षक होता. आपल्या देशात १९८५ सालापासून उत्तम क्रीडाशिक्षकांस द्रोणाचार्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो. आणि आमच्या ठाण्यातच समता विचार प्रसारक संस्था प्रतिकूल परिस्थितीत दहावी उत्तीर्ण होणाऱ्या मुलांचा एकलव्याच्या नावाने गौरव करीत आली आहे. समाजाने दोन्ही नावे जपली आहेत, याचा अर्थ त्या प्रश्नाचा निकाल अद्यापि लागलेला नाही.

दुसरे उदाहरण आमच्या भूमीशी निगडित आहे. कोकणास परशुरामभूमी म्हणतात, व ठाणे हे उत्तर कोकणातच मोडते. द्रोणांनी ब्रह्मास्त्र नाकारल्यावर कर्ण स्वतःस ब्राह्मण म्हणवून परशुरामाकडे गेला. गुरू त्याच्या मांडीवर मस्तक ठेवून निजले असता एका किड्याने त्याची मांडी पोखरली. झोपमोड होऊ नये म्हणून कर्णाने ती वेदना निमूटपणे सोसली. त्या सहनशीलतेवरूनच त्याचे असत्य उघड झाले, व ऐन प्रसंगी ब्रह्मास्त्र आठवणार नाही असा शाप त्याला मिळाला. कर्ण खोटे बोलला होता हे खरे. परंतु खरे बोलणाऱ्यास ज्या जगात विद्येचे दार बंद होते, ते जग गुरुजनांनीच राखले होते, हेही तितकेच खरे.

या दोन्ही कथांत एक गोष्ट समान आहे, ती ही की शिष्य काही बोलत नाही. एकलव्य 'का?' असे विचारीत नाही. कर्ण वेदनेने हाकही मारीत नाही. आम्ही या मौनास गुरुभक्ती म्हणतो व त्याची वाखाणणी करतो. पाश्चात्त्य वीरकथेतही हेच आढळते. बॅटमनच्या कथा १९३९ साली सुरू झाल्या, व १९४० साली रॉबिन हा पोरका मुलगा त्याचा शिष्य म्हणून आला. मुलाला आसरा मिळाला, विद्या मिळाली. पण ती विद्या प्रौढाच्या सूडयुद्धात लढण्याची होती. पुढे दुसरा मुलगा रॉबिन झाला. त्याने जगावे की मरावे याविषयी १९८८ साली प्रकाशकांनी वाचकांकडून दूरध्वनीवर मते मागविली, व बहुमत मृत्यूच्या बाजूने पडले. मृत मुलाचा पोशाख बॅटमनने काचेच्या कपाटात जपून ठेवला. तथापि काही काळाने तिसरा मुलगा त्याच नावाने उभा राहिलाच. काचेचे कपाट म्हणजे पश्चात्ताप नव्हे. आणि दूरध्वनी करणारे ते वाचक व वर्गात हात वर करणारे आमचे विद्यार्थी यांच्यात फार अंतर आहे असेही आम्हांस वाटत नाही. ज्याचा अंगठा जाणार नसतो, त्याला दुसऱ्याचा अंगठा स्वस्त वाटतो.

मग समर्थ गुरूची पारख कशी करावी? पवित्र शास्त्रातील एली या वृद्ध याजकाची गोष्ट आम्हांस येथे साहाय्यकारी वाटते. एली निर्दोष नव्हता; त्याचे पुत्र दुराचारी होते, व त्याने त्यांस आवरले नाही. शिलो येथील मंदिरात त्याच्या हाताखाली शमुवेल हा बालक सेवा करीत असे. रात्री कोणी हाक मारली की बालक एलीकडे धावे. हाक परमेश्वराची आहे हे ओळखताच एलीने त्यास आपल्यापाशी ठेवून घेतले नाही. परत जा व त्याचेच ऐक, असे सांगितले. सकाळी, ऐकलेल्यातील काहीही माझ्यापासून लपवू नको, असा त्याने आग्रह धरला. तो संदेश एलीच्याच घराण्याच्या नाशाचा होता. बालकाने भीत भीत सर्व सांगितले, आणि वृद्धाने ते मान्य केले. सदोष गुरूही शिष्याला आपल्याहून थोर सत्याकडे वळवू शकतो, व त्या सत्याने स्वतःचा दोष उघडा पडला तरी ऐकून घेऊ शकतो. आमच्या मते हीच ती कसोटी. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा पेत्राने प्रथम साफ नकार दिला. प्रभूने त्यास हाकलून दिले नाही, तर समजावून सांगितले.

आपल्या महाराष्ट्रात या कसोटीस उतरलेले उदाहरण आहे. पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत मुक्ता नामक मांग जातीची मुलगी शिकत असे. वय सुमारे चौदा वर्षे. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात प्रसिद्ध झाला. तीत मुक्ताने आपल्या लोकांवरील अन्यायाचा जाब समाजाला विचारला. त्या गुरूंनी तिच्या हाताचा अंगठा मागितला नाही. त्यांनी त्या हातात लेखणी दिली.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. मिस्त्रीच्या डोक्यावरही मालाच्या तगाद्याचे ओझे असेल. द्रोणांप्रमाणे तोही पोटाला बांधलेला. यंत्राच्या धोक्याच्या भागास संरक्षण असावे ही सक्ती १९४८ सालच्या कारखाने अधिनियमानेच केली होती. तेव्हा चूक ती चूकच. तुझ्या वडिलांनी त्याचे उपकार स्मरावे, हे योग्यच. परंतु कृतज्ञता म्हणजे मौन नव्हे. ज्याने काम शिकविले त्याचे आभार मानता येतात, आणि त्याच तोंडाने "गार्ड पुन्हा बसवा" असेही म्हणता येते. ते ऐकून त्याने गार्ड बसविला, तर तो खरा गुरू. रागावला, तर त्याला केवळ सामर्थ्य होते.

विद्यार्थीमित्रहो, ही कसोटी आम्हां शिक्षकांसही लागू आहे. हुशार मुलाच्या यशासाठी दुसऱ्या कोणाचा अंगठा आम्ही नकळत मागितला असेल, तर तसे आम्हांस सांगा. आम्हांस वाईट वाटेल. तरीही सांगा.