बीपीची गोळी महिन्याला कितीला पडते?

गोळी स्वस्त आहे, हे आधी लक्षात घ्या. अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम मेडिकलवर साधारण दोन-तीन रुपयांना एक, टेल्मिसार्टन ४० सहा-आठ रुपयांना. दोन्ही चालू असतील तर महिना अडीचशे-तीनशे. जनऔषधी केंद्रात याच औषधांचं काम शंभराच्या आत होतं. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय इथे फुकट. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे नाहीत. धाराशिव शहरातलं मोठं रुग्णालय मात्र आता वैद्यकीय महाविद्यालयाचं, म्हणजे वेगळ्या विभागाचं आहे. तिथलं शुल्क खिडकीवर विचारून घ्या.

पैसा जातो तो फेऱ्यांत. भूम-परंड्याकडच्या वाडीवरून तालुक्याला यायचं म्हणजे तिकीट, चहापाणी आणि बुडालेला रोज. एसटीत बायकांना आणि पासष्टीपुढच्यांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीपुढे मोफत, तरी रोज बुडतोच. म्हणून गोळ्या आठवड्याच्या नको, तीस दिवसांच्या मागा. एकदा डॉक्टरांनी औषध ठरवून दिलं की उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी बीपी मोजून पुढच्या गोळ्या देऊ शकतात. साठा आहे का, हे निघण्याआधी आशाताईंना फोन करून विचारावं.

सिस्टरकडून मात्र पूर्ण काम करून घ्या. बसमधून उतरल्या उतरल्या मोजलेलं बीपी चढंच येणार. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला, बाही वर. अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू-मिश्री नाही. लघवी रोखून बसायचं नाही. दोनदा मोजायला सांगा आणि आकडा कार्डावर लिहून घ्या. उभं राहताना चक्कर येते का, हे त्यांनी विचारलं नाही तर तुम्ही सांगा.

अ‍ॅम्लोडिपिनने काहींचे पाय सुजतात; घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहतो. गोळी आपल्या मनाने बंद न करता ते दाखवा, डोस किंवा औषध बदलता येतं. टेल्मिसार्टन सुरू झालं किंवा वाढवलं की काही आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावं लागतं. खासगी लॅबमध्ये दोन्हींचे मिळून काही शे रुपये होतात. सरकारी दवाखान्यात रक्त दिलं तर महालॅबमार्फत तपासणी फुकट. हीच गोळी चालू असताना ‘कमी सोडियम’चं महागडं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, त्यात पोटॅशियम असतं. दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल तर टेल्मिसार्टन चालत नाही, लगेच डॉक्टर गाठा. गुडघेदुखीसाठी मेडिकलवरून परस्पर घेतलेली डायक्लोफेनॅकसारखी गोळी बीपी वाढवते आणि मूत्रपिंडालाही जड जाते. धाराशिव जिल्ह्यात ती किती सर्रास खाल्ली जाते, हे कोणत्याही मेडिकलवाल्याला विचारा.

नवरात्रात उपवास धरून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी गोळी चुकवू नये. पाण्यासोबत घेतल्याने उपवास मोडत नाही. मात्र लघवी वाढवणारी गोळी (क्लोरथॅलिडोन वगैरे) चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. उन्हातान्हात किंवा जुलाबात अंगातलं पाणी कमी झालं की बीपी एकदम उतरतं.

घरी मशीन घ्यायचं तर दंडाचं घ्या, मनगटाचं नको. दीड ते अडीच हजारांत येतं. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, जाड दंडाला लहान पट्टा आकडा फुगवतो. एकट्याला परवडत नसेल तर बचत गटाने मिळून एक घ्यावं.