अंगणवाडी फुकट, खर्च फेऱ्यांचा
दिव्यांग मुलाची पहिली शाळा : सोमेश्वरनगर परिसरातल्या पालकांसाठी खर्चाचा हिशेब

मूल तीन वर्षांचे झाले की शेजारपाजारची मुले अंगणवाडीत जाऊ लागतात. आपले मात्र अजून नीट बसत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही किंवा दोन शब्दांपुढे बोलत नाही. अशा वेळी घरात दोन प्रश्न उभे राहतात. शाळेत घेतील का, आणि खर्च किती येईल?

उत्तर आधीच सांगतो. सोमेश्वरनगर, करंजे, मुरूम, वाघळवाडी, निंबूत या पट्ट्यात राहत असाल, तर गावच्या अंगणवाडीत नाव घालायला एक रुपयाही लागत नाही आणि दिव्यांगत्वाचा दाखलाही लागत नाही. पैसा जातो तो तपासण्यांवर, थेरपीवर, बारामती-पुण्याच्या फेऱ्यांवर आणि त्या फेऱ्यांपायी बुडालेल्या हजेरीवर. म्हणजे काटकसर करायची ती फेऱ्यांमध्ये.

अंगणवाडी : फी शून्य

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत पूर्वप्राथमिक शिक्षण, गरम ताजा आहार, वजन-उंचीची नोंद आणि आरोग्य तपासणी मोफत आहे. दिव्यांग मुलांना यातून वगळता येत नाही. उलट केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली. लक्षणे लवकर ओळखणे, मुलाला इतर मुलांबरोबर सामावून घेणे आणि आशा व आरोग्य पथकामार्फत पुढे पाठवणे अशा तीन पायऱ्या त्यात आहेत. सेविकाताई ‘आधी दाखला आणा’ म्हणाल्या, तर या कार्यपद्धतीची आठवण करून द्या. तरीही अडले तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे साध्या कागदावर अर्ज द्या आणि पोच घ्या.

एक गोष्ट लक्षात असू द्या. शिक्षण हक्क कायद्याची मोफत शिक्षणाची हमी सहाव्या वर्षापासून लागू होते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधली हमीही ६ ते १८ वयासाठीच आहे. त्याआधीची तीन वर्षे हातात असते ती अंगणवाडी. ती सोडू नका.

नाव घालताना ताईंना तीन गोष्टी सांगा : मूल काय खाऊ शकते, शी-शू कशी सांगते आणि कशाला घाबरते. गिळायला त्रास असेल तर खिचडी कुस्करून द्यावी लागेल. स्वमग्न मुलाला हंगामात उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत रस्त्याने जाऊ लागले की सोसत नाही. ते कानांवर हात दाबून कोपऱ्यात जाते किंवा किंचाळते. असे मूल हट्टी नसते. त्याला रस्त्याकडच्या दारापासून लांब बसवले तरी बराच फरक पडतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला कडेवर धरून किंवा भिंतीला टेकवून दिवसभर बसवू नका. फिजिओथेरपिस्टकडून मापे लिहून घ्या आणि गावातल्या सुताराकडून कोपरा-खुर्ची करून घ्या. काटकोनात जोडलेल्या दोन फळ्यांची पाठ, मध्ये बैठक, कमरेला पट्टा आणि समोर खेळणी ठेवायला फळी. गुडघे काटकोनात यावेत आणि तळवे पूर्ण टेकावेत एवढे पाहा. विकतच्या खुर्चीपेक्षा ही बरीच स्वस्त पडते. पाय टेकले की धड स्थिर होते, आणि धड स्थिर झाले की हात खेळायला मोकळे होतात.

तपासणी : आधी सरकारी गाडीची वाट धरा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते आणि जन्मजात दोष, आजार, कमतरता व विकासातला उशीर या चार गोष्टी तपासते. पथकाने लिहून दिले की पुढची तपासणी आणि गरज पडल्यास शस्त्रक्रियाही मोफत होते. पुढे पाठवण्यासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असते. पथक कधी येणार हे ताईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशी मूल घेऊन स्वतः हजर राहा. आई-बाप समोर असले की जे सांगता येते ते हजेरीपटावरून कळत नाही.

बोलत नसलेल्या मुलाची पहिली तपासणी कानांची. ‘आमच्यात सगळे उशिराच बोलतात’ असे म्हणत आजी धीर देते, पण बेरा चाचणीशिवाय त्यावर विसंबू नये. ही चाचणी मूल झोपेत असताना करतात, म्हणून मुलाची झोप मोडून जागे ठेवूनच न्यावे लागते. खासगीत तिचे पैसे पडतात. पथकाच्या चिठ्ठीवर सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. कॉक्लिअर इम्प्लांटसाठीची सरकारी मदत लहान वयातच मिळते, केंद्राच्या योजनेत पाच वर्षांपर्यंत. या बाबतीत वर्षभर थांबणे सगळ्यात महाग पडते.

दाखला आणि यूडीआयडी : अर्ज मोफत

दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी हे दिव्यांगांचे ओळखपत्र, यांसाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायला शुल्क नाही. आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागतो. सेवा केंद्रातून भरलात तर स्कॅनिंगचे आणि केंद्राचे पैसे द्यावे लागतील, त्याची पावती मागा. अर्जात रुग्णालय निवडताना आपल्या मुलाच्या दिव्यांगत्वाची तपासणी बारामतीत होते का, ते आधी फोनवर विचारा. नसेल तर पुण्यात ससून किंवा औंधचे जिल्हा रुग्णालय निवडा. कोणत्या वारी कोणते डॉक्टर बसतात हे विचारल्याशिवाय निघू नका. चुकीच्या वारी गेलेली फेरी म्हणजे तिकीटही गेले आणि हजेरीही.

लहान मुलांच्या दाखल्यात एक खाचखळगा आहे. पाच वर्षांपर्यंत बौद्धिक अक्षमतेचे थेट निदान लिहीत नाहीत. ‘विकासात सर्वांगीण विलंब’ असे लिहून तात्पुरता दाखला देतात आणि पाचव्या वर्षानंतर पुन्हा तपासणी करतात. पाचव्या वर्षीच बाल आधारचे बायोमेट्रिक अद्ययावत करावे लागते, तेही मोफत. दोन्ही कामे एकाच महिन्यात धरा. बहुतेक योजनांना ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व लागते. त्याखाली पांढरे कार्ड, ४० ते ७९ टक्क्यांना पिवळे आणि ८० व त्यापुढे निळे.

थेरपी : हिशेब इथे बिघडतो

स्पीच, फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपी ही रोजच्या भाषेत ‘सेशन’. दर गावागणिक आणि माणसागणिक बदलतो. म्हणून खालचे आकडे मानलेले आहेत. तुमचे आकडे त्यात घाला.

समजा, सेशनचे ४०० रुपये, बारामतीला आठवड्यातून दोन फेऱ्या, म्हणजे महिन्याला आठ.

सेशन : ८ × ४०० = ३,२०० रुपये
आईचे अर्धे तिकीट, जाऊन-येऊन ६० रुपये : ८ × ६० = ४८० रुपये
बुडालेली हजेरी, ४०० रुपये धरून : ८ × ४०० = ३,२०० रुपये
एकूण : ६,८८० रुपये

थेरपीइतकीच रक्कम खाड्यात गेली. आता थेरपिस्टला म्हणा, ‘मॅडम, आम्हाला महिन्यातून दोनदाच येणे जमेल, घरी काय करायचे ते शिकवा.’ त्यांनी करून दाखवलेल्या व्यायामाचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि घरी रोज वीस मिनिटे करा. मग हिशेब असा : सेशन ८००, तिकीट १२०, खाडा ८००, एकूण १,७२० रुपये. घरी शिकवायला तयार नसलेला थेरपिस्ट असेल, तर दुसरा शोधा. सुरुवातीचे काही आठवडे जास्त फेऱ्या लागतील, हे मात्र मान्य करून चाला.

तिकीट अर्धेच धरले, कारण १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत ५० टक्के सवलत आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. पुढे दिव्यांगांना ७५ टक्के सवलत मिळते. दिव्यांगत्व ६५ टक्क्यांहून जास्त असेल तर सोबत्यालाही ५० टक्के मिळते, म्हणजे वडील नेणार असतील तर तेही अर्ध्या तिकिटात जातील.

खासगी बालवाडी

इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीत फी विचारताना पाच गोष्टी कागदावर लिहून घ्या : वर्षाची फी, व्हॅनचे भाडे, गणवेश-पुस्तके, स्नेहसंमेलनासारखे अधूनमधूनचे पैसे आणि मुलासाठी वेगळी मदतनीस लागली तर तिचा पगार कोण देणार. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात, आणि दिवाळीनंतर शाळा त्याच मुद्द्यावर मूल घरी पाठवते.

शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के जागांमध्ये दिव्यांग मूल वंचित गटात मोडते. त्याला उत्पन्नाची अट नाही, मात्र ४० टक्क्यांचा दाखला हवा. अर्ज ऑनलाइन आणि मोफत असतो, निवड सोडतीने होते. शाळेचा प्रवेशाचा पहिला वर्ग नर्सरी असेल तरच नर्सरीत जागा मिळते. ज्यांचा पहिला वर्ग पहिली आहे, तिथे थांबावे लागते.

परत मिळू शकणारे पैसे

संजय गांधी निराधार अनुदान : ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांना महिना २,५०० रुपये. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार आहे. मुलाच्या नावाने अर्ज कसा करायचा, हे बारामती तहसीलच्या संजय गांधी शाखेत विचारा.

ग्रामपंचायतीचा ५ टक्के निधी : ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ग्रामसेवकांकडे लेखी मागणी करा आणि ग्रामसभेत विषय काढा. मागणी नसली की रक्कम तशीच पडून राहते.

साधनांसाठी केंद्राची एडिप योजना : मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, कॅलिपर पूर्ण मोफत. ३० हजारांपर्यंत निम्म्या किमतीत.

निरामय आरोग्य विमा : स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण. नोंदणी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला २५० आणि इतरांना ५०० रुपये. ठरावीक मर्यादेत थेरपीचा खर्चही यात मिळतो, म्हणून प्रत्येक सेशनची पावती जपून ठेवा.

प्राप्तिकर : वडील कारखान्यात, शाळेत किंवा बँकेत पगारावर असतील आणि जुनी करप्रणाली निवडली असेल, तर ८०डीडी या नावाने ओळखली जाणारी ७५ हजारांची वजावट मिळते. दिव्यांगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सव्वा लाखाची.

ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांसाठी

गाळपाच्या हंगामात बीड, अहिल्यानगरकडून आलेल्या मुलांनाही इथल्या अंगणवाडीचा लाभ घेता येतो. पोषण ट्रॅकरवर नाव एका गावाहून दुसरीकडे वळवता येते. यूडीआयडी कार्ड देशभर चालते. मुकादमाने आणि कोप्यांशेजारच्या शेतकऱ्याने एवढेच करावे : अशा मुलाची माहिती जवळच्या सेविकाताईंच्या कानावर घालावी.

क्रम असा ठेवा

या आठवड्यात अंगणवाडीत नाव घाला. आशाताईंना पथकाची तारीख विचारा. त्याच आठवड्यात यूडीआयडीचा अर्ज भरा, कारण दाखला हातात यायला महिने लागतात. दाखला येईपर्यंत शाळा थांबवू नका, आणि थेरपी परवडत नाही म्हणून घरची वीस मिनिटेही थांबवू नका. सगळी कागदपत्रे, पावत्या आणि पोच एकाच फायलीत ठेवा आणि प्रत्येक फेरीला ती फाईल सोबत न्या. उसने पैसे काढून लांबच्या महागड्या केंद्रात चार महिने मूल ठेवण्यापेक्षा गावच्या अंगणवाडीत तीन वर्षे रोज बसलेले मूल जास्त शिकते. ज्यांना हे माहीत आहे, त्यांनी आळीतल्या दुसऱ्या एका घरालाही सांगावे.