नवा नंबर घेतलास ना, मग हे आधी कर

अगं, तुझा स्वतःचा फोन आला, स्वतःचा नंबर आला, मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! इतकी वर्षं मुलांच्या शाळेचे, सोसायटीचे, भिशीचे सगळे निरोप भाऊजींच्या फोनवर यायचे. ते रात्री घरी आले की मग तुला कळायचं उद्या पाणी नाही म्हणून. आता व्हॉट्सॲप तुझ्या हातात आहे. मुलं म्हणतील, "आई, राहू दे, तुला नाही जमायचं." त्यांचं ऐकू नकोस. धानोरीहून टिंगरेनगर काही लांब नाही, दुपारी कामं आटपली की माझ्याकडे ये, दोघी मिळून बसू. तोवर हे वाचून ठेव.

टाइप करायला वेळ लागतो म्हणून अडून राहू नकोस. कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं. मराठी भाषा निवडून ते दाबलंस आणि बोललीस की अक्षरं आपोआप उमटतात. चुकलं काही तर पाठवल्यावर १५ मिनिटांपर्यंत मेसेज दुरुस्त करता येतो. भलत्याच माणसाला गेला, तर त्यावर बोट दाबून धरायचं आणि सगळ्यांसाठी डिलीट करायचं. त्यासाठी दोन दिवसांहून थोडा जास्तच वेळ मिळतो. पण समोरच्यानं तोवर वाचला असेल, हे धरून चाल.

मेसेज नंतर शिकलीस तरी चालेल, आधी दाराला कडी लाव. सेटिंग्जमध्ये अकाउंट, त्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन. तिथं सहा आकडी पिन ठेव आणि आपला ईमेलही दे. लग्नाची तारीख, मुलांचे वाढदिवस असले पिन नकोत. हे का करायचं ते नीट समजून घे. तुझा नंबर दुसऱ्या कुणाच्या फोनवर चालू करायचा तर एक कोड लागतो आणि तो तुझ्याच फोनवर येतो. चोर तुझ्या ओळखीच्या बाईचं अकाउंट आधी ताब्यात घेतो आणि तिच्या नावानं तुला लिहितो, "ताई, चुकून माझा कोड तुमच्याकडे आलाय, जरा पाठवा ना." आपण भिडेखातर पाठवतो आणि आपलं अकाउंटही गेलं! मग आपल्या माहेरच्या माणसांना आपल्याच नावानं पैसे मागितले जातात. पिन असला की नुसत्या कोडनं त्याचं काम होत नाही. आलेला कोड कुणालाही सांगायचा नाही, सख्ख्या बहिणीनं मागितला तरी. मी मागितला तर सरळ मला फोन लाव.

मग प्रायव्हसीमध्ये जा. आपला फोटो फक्त ओळखीच्यांना दिसेल असं कर. ग्रुपमध्ये आपल्याला कोण घालू शकतं, तिथंही ओळखीचेच ठेव. नाहीतर शेअर बाजारातून झटपट पैसे मिळवून देणाऱ्या कुठल्याशा ग्रुपमध्ये उद्या सकाळी तू असशील. लिंक्ड डिव्हायसेस नावाचं पान मधूनमधून उघडून बघ. तुझं व्हॉट्सॲप आणखी कुठल्या कॉम्प्युटरवर चालू आहे ते तिथं कळतं. ओळखीचं नसेल ते लगेच लॉग आउट कर.

स्टेटस २४ तास राहतं. गावी निघताना कुलूप लावल्याचं जगाला सांगू नकोस, परत आल्यावर टाक फोटो. रात्री उशिरा स्टेशनवरून किंवा विमानतळावरून एकटी रिक्षानं येत असलीस तर लाइव्ह लोकेशन मला पाठव. १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास असं निवडता येतं. तू घरी पोचेपर्यंत मी बघत राहीन. मला तर व्हॉट्सॲपमधली सगळ्यात मोलाची सोय हीच वाटते.

आता फॉरवर्ड. इथं जरा थांब. माउलींची पालखी आळंदीहून आपल्या विश्रांतवाडीवरून पुण्यात जाते, तेव्हा रस्ते बंद असल्याचे मेसेज धडाधड येतात. त्यात जुने, मागच्या वर्षीचेही असतात. ते पुढे ढकलले तर कुणाची तरी दवाखान्याची वेळ चुकेल. पण काही अफवांनी याहून भयंकर घडलंय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडे बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची गरीब माणसं, भिक्षा मागून पोट भरणारी, त्यातली बरीचशी सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. ती पुढे पाठवणाऱ्यांत आपल्यासारख्या आयाही असतील, लेकरांच्या काळजीनं पाठवलं असेल. मला याचा फार त्रास होतो अगं. त्याच महिन्यात भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना पाठवता येईल असं बंधन आलं. पुष्कळदा फिरलेल्या मेसेजवर दोन बाण दिसतात आणि तो तर एका वेळी एकाच चॅटला जातो. दोन बाण दिसले की हात आखडता घे. बातमी असेल तर पेपरात येईल, चॅनेलवर येईल. नाही आली तर तो मेसेज तुझ्यापाशीच थांबू दे.

भिशीच्या ग्रुपची ॲडमिन तुला करणार आहेत ना? घाबरू नकोस. एखाद्या सदस्यानं भलतंसलतं टाकलं आणि त्यात ॲडमिनचा काही संबंध नसेल, तर तेवढ्यावरून ॲडमिनला दोषी धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय. तरी घाण टाकणाऱ्याला काढून टाकायचं धैर्य ठेव, मग तो कुणाचा का नवरा असेना.

आणखी एक. आरटीओचं चलन किंवा लग्नपत्रिका म्हणून फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी एपीके असतं, म्हणजे ते फोनमध्ये शिरणारं ॲप असतं. आरटीओ इथं जवळच फुलेनगरला, त्यामुळे आपल्याला खरंच वाटतं. पत्रिका फोटो किंवा पीडीएफमध्ये येते, एपीकेमध्ये कधीच येत नाही. हात लावू नकोस.

आणि इतकं सांभाळूनही पैसे गेलेच, तर घरचे काय म्हणतील म्हणून लपवू नकोस. तडक १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन कर. जितक्या लवकर कळवशील तितकी रक्कम अडवता येण्याची आशा जास्त. हा नंबर आत्ताच फोनमध्ये साठव आणि पिन आज रात्री झोपायच्या आधी ठेव.