फाटकावरचा दिवा का लागत नाही?

रेल्वे फाटकावरील तांबडा दिवा लागलेला नाही, घंटाही वाजत नाही. म्हणजे गाडी येत नाही, असा अर्थ वाहनचालक सहजपणे काढतो. तो बहुधा खरा ठरतो. क्वचित मात्र गाडी फाटकाशी येऊन ठेपते, तरी दिवा विझलेलाच राहतो.

या यंत्रणेचा पाया म्हणजे रूळमंडल. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन संशोधकाने १८७२ मध्ये त्याचे एकस्व मिळविले. रुळांचा एक तुकडा विसंवाहक सांध्यांनी अलग करून एका टोकाला घटमाला व दुसऱ्या टोकाला रिले जोडतात. रुळांतून वाहणाऱ्या मंद प्रवाहामुळे रिलेतील विद्युत् चुंबक एक पट्टी उचलून धरतो. गाडी आली की तिची चाके व आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह त्या जवळच्या वाटेने परततो, पट्टी खाली पडते आणि दिवे लागतात. रुळाची तार तुटली किंवा ही घटमाला संपली, तरीही पट्टी पडतेच. म्हणजे असा बिघाड खोटी सूचना देतो, पण गप्प बसत नाही. (खोट्या सूचनांना सरावलेले चालक पुढे खऱ्या सूचनेलाही जुमानीत नाहीत, हा भाग वेगळा.)

दोष उद्भवतो तो चाक रुळाला टेकते त्या नाण्याएवढ्या जागेत. वर्दळ नसलेल्या मार्गावर रुळाच्या माथ्यावर गंज चढतो. चिरडलेल्या पानांचा लेप बसतो. चाके घसरू नयेत म्हणून टाकलेली वाळूही आड येते. रुळांतील विद्युत् दाब इतका अल्प असतो की हा पातळ थरही त्याला भेदवत नाही. जड मालगाडी तो थर चिरडते. थोड्या डब्यांच्या हलक्या गाडीला ते नेहमी साधत नाही. इलिनॉय राज्यात कॅनेडियन नॅशनलच्या मार्गावरून शिकागो ते कार्बनडेल धावणाऱ्या ॲमट्रॅकच्या गाड्यांना याच कारणास्तव किमान ३२ आसांची अट घालण्यात आली होती. इंजिनाला आणि प्रत्येक डब्याला चार आस. तेव्हा उतारू असोत वा नसोत, सात डबे ओढणे भाग पडे!

दुसरे कारण मनुष्याच्या हातचे. दुरुस्तीच्या वेळी रिलेला वळसा देणारी तात्पुरती तार जोडतात. ती काढावयाची राहिली, तर गाडी येऊनही यंत्रणेला तिचा पत्ता लागत नाही.

दिवे लागत नसल्याची खात्रीलायक वर्दी मिळताच अमेरिकेतील रेल्वेने त्या मार्गावरील गाड्यांना कळविले पाहिजे, असा नियम आहे. फाटकावर रस्ता रोखणारे कोणी नसेल, तर गाडी अलीकडेच थांबते, एक कर्मचारी खाली उतरून वाहने अडवितो आणि मगच गाडी पुढे सरकते.