वळवाचे वादळ आणि लहान होडी

वैशाखातील दुपार आहे. सकाळपासून वारा पडलेला असून उकाडा असह्य झाला आहे. धरणाच्या फुगवट्यात दोघे जण पत्र्याच्या लहानशा होडीतून जाळे ओढीत आहेत. क्षितिजावर ढगांचा पांढरा डोंगर उभा राहिला आहे आणि त्याचा तळ हळूहळू काळवंडू लागला आहे. निम्मे जाळे अद्याप पाण्यात आहे. “एवढे ओढून झाले की निघू,” असे त्यांतील एक जण म्हणतो. आपल्या राज्यातील जलाशयांवर उन्हाळ्याच्या अखेरीस नेहमी दिसणारे हे दृश्य आहे. अनेक दुर्घटनांची सुरुवात याच एका वाक्यापासून होते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात वीज कोसळून २,८८७ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. उघड्यावर काम करणारे शेतकरी, मजूर, गुराखी आणि मच्छीमार यांना हा धोका सर्वाधिक असतो. त्यातही पाण्यावरील माणसाची स्थिती अधिक बिकट असते, कारण शेतातील माणसाला धावत जाऊन घर गाठता येते, परंतु होडीतील माणसाला आधी काठ गाठावा लागतो.

समुद्राला बावटा, जलाशयाला काय?

सागरी मासेमारीसाठी सावधगिरीची काही व्यवस्था आहे. बंदरांवर धोक्याचा बावटा चढतो, हवामान खाते मच्छीमारांसाठी स्वतंत्र इशारे देते आणि १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ चक्रीवादळाने कोकणातील मच्छीमार कुटुंबांवर जो आघात केला, त्यानंतर या इशाऱ्यांचे मोल किनाऱ्यावर कोणाला सांगावे लागत नाही.

तथापि, विजांचा मोसम या बंदीच्या काळाशी जुळत नाही. वळवाचा पाऊस एप्रिल-मे महिन्यांत येतो. परतीचा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, हस्त नक्षत्राच्या आसपास येतो. या दोन्ही काळांत दुपारनंतर मेघगर्जनेसह वादळे होतात आणि नेमक्या याच दिवसांत होड्या पाण्यावर असतात. उजनी, जायकवाडी यांसारख्या विस्तीर्ण जलाशयांवर किंवा भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर बावटा चढविणारे बंदर नाही. तेथे बावट्याचे काम गावालाच करावे लागते.

२१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी या मार्गावरील प्रवासी होडी सायंकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांना प्राणास मुकावे लागले. ती होडी मासेमारीची नव्हती आणि बळी घेतले ते वाऱ्याने. विजेच्या कडकडाटापूर्वीच वारा होडीचा घात करू शकतो, हा या घटनेचा धडा होय.

वारा आधी का येतो?

तापलेल्या जमिनीवरील दमट हवा वेगाने वर चढते आणि बारा ते पंधरा किलोमीटर उंचीचा ढग तयार होतो. त्याच्या वरच्या थरांत बर्फाचे कण व लहान गारा एकमेकांवर आदळून विद्युतभार निर्माण होतो. त्यातूनच वीज चमकते. पावसाच्या सरींबरोबर थंड व जड हवाही खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. ही थंड झुळूक पावसाच्या कित्येक किलोमीटर पुढे धावते. म्हणून उकाड्यात अचानक गार वारा सुटला, तर तो सुखाचा मानू नये. काही मिनिटांतच त्याचा सोसाटा होतो, आणि मोकळ्या पाण्यावर त्याला अडविण्यास झाड नसते की टेकडी नसते.

सपाट पाण्यावर होडी आणि तीतील माणूस हीच सर्वांत उंच वस्तू असते. वीज उंच वस्तूकडे ओढली जाण्याची शक्यता अधिक असते, आणि पाण्यावर पडलेली वीज पृष्ठभागावरून दूरवर पसरते. पत्र्याची उघडी होडी संरक्षण देते, हा समज चुकीचा आहे, कारण होडीतील माणसाचे डोके काठाच्या वरच असते. तसेच मोबाईल जवळ असल्याने वीज ओढली जाते, या समजुतीलाही आधार नाही. उलट मदत मागण्यासाठी तो जवळ असलेला बरा.

सेकंद मोजण्याचा धडा

प्राथमिक शाळेतील मुलालाही करता येईल असे एक साधे गणित येथे उपयोगी पडते. वीज दिसते तत्क्षणी, परंतु आवाजाला एक किलोमीटर अंतर तोडण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत व त्यांस तीनने भागावे. नऊ सेकंद म्हणजे तीन किलोमीटर. हे अंतर तीस सेकंद, म्हणजे दहा किलोमीटर, एवढे उरले की पाण्यावर थांबणे धोक्याचे असते. होडी वल्ह्यांची असेल, तर काठावर पोहोचण्यास लागणारा वेळही हिशेबात धरला पाहिजे. तिच्यासाठी पहिला गडगडाट हीच परतीची घंटा समजावी. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतरही तीस मिनिटे पुन्हा पाण्यात उतरू नये.

शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला हा प्रयोग शिकविल्यास तो मुलांच्या तोंडून घरोघर पोहोचेल.

वादळाने गाठलेच तर

सर्व काळजी घेऊनही कधी कधी वादळ गाठते. अशा वेळी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

जाळे सोडून द्यावे, गुंतले असल्यास कापावे. जाळे महाग असते, कर्ज काढून घेतलेले असते, हे खरेच आहे. म्हणूनच ते कापण्याचा निर्णय मनाशी आधीच झालेला असावा. जाळे पुन्हा विणता येते.

जवळच्या काठाकडे निघावे, मग तो आपल्या गावचा असो वा नसो. घराच्या ओढीने समोरचा काठ सोडून दूर जाणे जिवावर बेतते.

जीवरक्षक जाकीट अंगावर असावे. बैठकीखाली ठेवलेले जाकीट ऐनवेळी घालता येत नाही. काठ दूर असल्यास होडीचे नाक वाऱ्याकडे ठेवावे, कारण आडव्या लाटेने होडी उलटते. सर्वांनी मध्यभागी, तळाशी बसावे आणि आत आलेले पाणी उपसत राहावे. उभे राहू नये, उंच काठी खाली ठेवावी व हात पाण्यात घालू नये. पाण्यात उडी मारू नये. होडी उलटल्यास तिला धरून राहावे. ती सहसा तरंगत राहते.

काठावर पोहोचल्यावर एकट्या झाडाखाली थांबू नये. पक्के घर किंवा बंद मोटार हा खरा आसरा होय.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही, त्याला निर्धास्तपणे हात लावावा. श्वास व नाडी बंद पडली असल्यास छातीच्या मध्यावर दाब देत राहावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. निश्चेष्ट पडलेला माणूस मृत समजून सोडू नये. तत्काळ उपचाराने असे अनेक जण वाचतात.

ग्रामपंचायत काय करू शकते?

यासाठी मोठा निधी लागत नाही. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ ॲप परिसरातील विजांची सूचना देते. ते पाण्यावरील माणसाने पाहण्यापेक्षा काठावरील एखाद्या जबाबदार व्यक्तीने पाहणे सोयीचे. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर अशी एक व्यक्ती नेमावी. वीज जवळ येत असल्यास भोंगा वाजवावा किंवा काठावर लाल निशाण उभारावे. कोणती होडी गेली, तीत किती जण आहेत आणि ती केव्हा परतणार, याची नोंद एका वहीत ठेवावी. मच्छीमार सहकारी संस्थेने जाकिटाशिवाय होडी न सोडण्याचा ठराव करावा. जाळी टाकण्याची व काढण्याची कामे शक्यतो सकाळीच उरकावीत.

वीज कोसळून मृत्यू झाल्यास वारसांना शासनाकडून साहाय्य मिळते. त्यासाठी तलाठ्यास त्वरित कळवून पंचनामा करून घ्यावा. शवविच्छेदनाचा अहवालही आवश्यक असतो. दुःखाच्या घरात याचे भान राहत नाही, ते पंचायत सदस्यांनी ठेवावे. परंतु साहाय्याने कुटुंबाचा कर्ता माणूस परत येत नाही.

लेखाच्या आरंभीची ती होडी अजून पाण्यावरच आहे. काठावरून भोंगा वाजला, शाळेत शिकलेल्या मुलाने सांगितलेले सेकंद बापाने मोजले आणि निम्मे जाळे तसेच टाकून ती होडी वळली, तर त्या गावाचे काम झाले असे म्हणता येईल. जाळे दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ओढता येते.